हंबोल

ठकीला तिचा येऊ घातलेला दात नेमका सिनेमा सुरू व्हायच्या वेळेला आठवला. दुपारभर शहाण्यासारखी पडून राहिलेली पोर, टीव्हीवर जुन्या वळणाच्या अक्षरांत नावं सरकायला लागली तशी तोंडात मूठ कोंबून किरकिरायला लागली. आईनं तिला खांद्यावर टाकलं आणि खिडकीपाशी येरझारा घालत, एक डोळा टीव्हीवर ठेवून तिला थोपटत राहिली.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "आधी मांडीवर उशी दे."

सासूबाईंचे हात अलीकडे थरथरत. चहाचा कप त्या अर्धाच भरून घेत. नातीला घ्यायचं म्हणजे आधी मांडीवर उशी, उशीवर ठकी आणि शेजारी कुणीतरी राखणीला. ठकीला मात्र ती थरथर फार आवडायची. आजीचा हात पाठीवर पडला की तिला फुकटचा झोका मिळे आणि तिच्या पापण्या जड व्हायला लागत. आताही तसंच झालं.

सोफ्याच्या एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको, मध्ये आजी आणि नात. बसायची ही व्यवस्था सासूबाईंनीच केली होती आणि ती उगाच केली नव्हती. सिनेमा लागतोय, या सगळे, असा फोन त्यांनी केला, तोही उगाच केला नव्हता. मुलाच्या घरात अबोला चालू आहे हे त्यांच्या कानावर आलं होतं.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडण झालं असतं तर बरं होतं. पण या घरातल्या पुरुषांशी भांडता येत नसे, हीच तर गंमत होती.

नवऱ्याचं काही चुकलं, किल्ली हरवली, सांगितलेलं काम विसरला, मित्रांत बसून घरी यायचं राहिलं, की तो तडक स्वयंपाकघरात शिरायचा. पिठाची चाळणी डोक्यावर उपडी घालायचा, डाव हातात धरायचा आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसून गायचा:

चुकलो बाई चुकलो,
उलट्या पायी हुकलो,
दार तुझं की माझं ते
विचारायला मुकलो.

शेवटच्या ओळीला चाळणी घसरून नाकावर यायची आणि तिला हसू फुटायचं. हसू फुटलं की तिनं म्हणायचं, "हंबोल." हा शब्दही त्यानंच शिकवलेला, लग्नाच्या आधी, बसथांब्यावर तिला ताटकळत ठेवल्यानंतर. हंबोल म्हणजे काय, तिनं विचारलं होतं. लाडाचा शब्द आहे, तो म्हणाला होता, हंबोल म्हटलं की मिटलं सगळं. तिला तो शब्द फार गोड वाटला. कुठल्याही शब्दकोशात नसलेला, दोघांनाच कळणारा. मैत्रिणी नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागल्या की ती मनातल्या मनात म्हणे, आमच्याकडे हंबोल आहे बाई.

या वेळी ती हंबोल म्हणाली नव्हती. चाळणी नाकावर आली, परत वर गेली, परत नाकावर आली. ती नुसती बघत राहिली आणि ठकीच्या लंगोटांच्या घड्या घालायला निघून गेली.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. दात बसवणं तसं कुणालाही जमतं. पण माणूस हसला की त्यातले किती दिसायला हवेत, ओठ कुठपर्यंत उचलला जाईल, हे न पाहिलेल्या माणसाबद्दल ठरवायचं असतं, आणि ते तिच्या हाताला होतं. लॅबच्या मालकीणबाई अवघड कवळ्या तिच्याच टेबलावर ठेवायच्या. नवरा चारचौघांत म्हणायचा, "लोक दात काढतात, आमची बायको बसवते. हिच्यासमोर विनोद करायची चोरी. ही हसत नाही, मापं घेते." सगळे हसायचे. तीही हसायची.

ठकी झाल्यावर मालकीणबाईंनी तिचं टेबल रिकामं ठेवलं होतं. या महिन्यापर्यंत ठेवते, म्हणाल्या होत्या, नंतर मात्र मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, काम पडून राहतं गं. ठकीला पाळणाघरात जागा मिळाली की ती रुजू होणार होती. जागाही मिळाली होती. आई-वडलांपैकी एकानं सकाळी जाऊन नाव पक्कं करायचं, एवढंच राहिलं होतं. ठकीला त्या दिवशी ताप होता. "मी जातो ना," नवरा म्हणाला. संध्याकाळी परत आला तेव्हा म्हणाला, "जागा भरल्या गं. बघू पुढच्या वेळी."

तिनं ते खरं मानलं. त्याचंच नशीब फुटकं म्हणून त्यालाच दोन घास जास्त वाढले. मग एक दिवस औषधांच्या दुकानात पाळणाघराच्या बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "काय हो, दुपारपर्यंत तुमची वाट पाहिली. कुणी आलंच नाही, म्हणून मग दुसऱ्यांना दिली."

घरी येऊन तिनं एवढंच विचारलं, "का गेला नाहीस?" त्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि चाळणी घालून आला.

महिना आता संपला होता. उद्या सकाळी तिला मालकीणबाईंना सांगायचं होतं, येते की येत नाही. उत्तर तर ठरलेलंच होतं; पोर कुठे ठेवणार? सासूबाईंच्या हातांचं ते असं. पण टेबल गेलं त्याहून तिला तो प्रश्न जास्त बोचत होता. विसरला, की गेला नाही? विसरला असेल तर तिचा नवरा भोळसट होता, आणि त्या भोळसटाला तिनं लग्न करताना पारखून घेतलं होतं. गेला नसेल तर तो कोण होता, हे तिला माहीत नव्हतं.

सिनेमा काळापांढरा होता. नाच शिकवणारी एक बाई आणि हॉटेलातला एक वेटर. वेटरनं तिला थाप मारलेली असते की हॉटेल माझंच आहे, वरचा दिवाणखाना तुझ्या नाचाच्या वर्गाला देतो. ती बिचारी त्या भरवशावर आपली जुनी खोली सोडून येते. मग खऱ्या मालकाला चुकवायची धांदल, टेबलांखाली लपणं, एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर, आणि दर थोड्या वेळानं गाणं. वेटरचं काम करणारा नट उंच, काटकुळा, पायांना हाडं नसल्यासारखा. नवरा गुडघ्यावर थापा मारून हसत होता. सासूबाई हलू नये म्हणून जपून हसत होत्या, तरी उशी हलत होती.

तिला सवयीनं आधी दात दिसत. वेटरचा वरचा एक दात पुढे आलेला होता. त्या काळी तसेच ठेवत असतील. बाईचे दात सुरेख होते, पण ती ते फारसे दाखवत नव्हती.

"कसा वाटतोय?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"छान आहे, आई."

"मीही धड कुठे पाहिलाय. हा नवीन लागला तेव्हा गेलो होतो आम्ही. हा एवढासा होता," त्यांनी हनुवटीनं मुलाकडे दाखवलं. "अर्ध्यात भोकाड पसरलंन. मग मी बाहेर व्हरांड्यात, ह्याला खांद्यावर घेऊन. ह्याचे बाबा आत. दाराच्या फटीतून गाणी तेवढी ऐकली."

"म्हणजे माझ्यामुळे तुझा सिनेमा बुडाला," नवरा म्हणाला. "सगळं खापर माझ्यावर."

"तुझ्यावर नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "बाळावर कोण खापर फोडतं."

तेवढ्यात हॉटेलच्या मुदपाकखान्यात गडबड उडाली. थाप उघडी पडली होती. नाच शिकवणारी बाई दारात उभी होती. वेटरनं इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरची चाळणी काढून डोक्यावर घातली, डाव उचलला. आचारी पातेली बडवायला लागले.

चुकलो बाई चुकलो...

तोच ताल. तेच गुडघ्यावर बसणं. 'मुकलो'ला चाळणी तशीच नाकावर आली, फक्त इथे ती नीट बेतलेली होती आणि बरोबर ठेक्यावर आली.

"हे सिनेमातलं आहे?" तिनं विचारलं.

"मग?" नवरा खुशीत म्हणाला. "बाबांचं आवडतं. बाबा आईपुढे हेच करायचे. काय गं आई? तुला नव्हतं माहीत?"

"मला वाटलं तू केलंयस."

"मी कधी म्हटलं असं?"

खरंच, तो कधीच असं म्हणाला नव्हता. ती आठवून पाहायला लागली, तर बसथांबा आठवला, त्याचा भिजलेला शर्ट आठवला, शब्द आठवला. मी केलंय असं म्हणालेला तो काही आठवेना. ते तिचं तीच धरून चालली होती.

पण ती आपणहून बोलली होती, आणि नवऱ्याला तेवढंच पुरलं. "थांबा थांबा," तो उठलाच, "खऱ्या गाण्यासोबत करून दाखवतो. आई, चाळणी कुठेय तुझी?" आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट सुरू झाला.

त्यामुळे पुढचं त्यानं पाहिलं नाही.

टीव्हीवर गाणं संपलं. आचाऱ्यांनी पातेली खाली ठेवली. वेटर गुडघ्यावर, हात पसरलेले, दात पुढे, आता ही हसणार म्हणून तोंडभर हसत. नाच शिकवणारी बाई हसली नाही. तिनं पिठाचं एक पोतं ओढलं, त्यावर नीट बसली, घागरा सारखा केला आणि वेटरच्या डोळ्यांत पाहिलं.

"हं," ती म्हणाली.

मुदपाकखान्यात सगळे गप्प. नळाचा एक थेंब पडला. वेटरचं हसू एका बाजूनं उतरायला लागलं.

"बोल."

आणि वेटर बोलायला लागला. चाळणी डोक्यावरच. मी मालक नाही, मी वेटर आहे, मालक तो वर घोरतोय, दिवाणखाना मला झाडायला सुद्धा देत नाहीत. एकेक वाक्य बोलताना त्याचा चेहरा असा काही होत होता की सबंध सिनेमात त्याच्याइतकं हसवणारं दुसरं काही नव्हतं. गाणं नव्हे, हाच खरा विनोद होता. सिनेमा बनवणाऱ्यांनी गाणं नुसतं त्यासाठी रचलं होतं.

इकडे सोफ्यावर कुणी हसलं नाही.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा हात ठकीच्या पाठीवरून सुटून उशीवर पडला होता आणि उशीची किनार जोरजोरात थरथरत होती.

"दोन शब्द आहेत ते," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मला ह्यांनी सांगितलं, गाणं झालं की ती हंबोल म्हणते. बसमध्ये सांगितलं, घरी परत येताना. मी विचारलं, हंबोल म्हणजे काय हो? तर म्हणाले, लाडाचा शब्द आहे." त्या टीव्हीकडेच बघत होत्या. "पगार मित्राला देऊन आले तेव्हा हंबोल. माझ्या बहिणीच्या लग्नाला मला पाठवलं नाही, तेव्हा हंबोल. दवाखान्यातून मी रिकाम्या हातानं परत आले, हे स्टेशनवर घ्यायला सुद्धा आले नव्हते, तेव्हासुद्धा ह्यांनी चाळणी घातली आणि मी म्हटलं गं. हसून म्हटलं."

तिनं सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला. तो हातातही थरथरत राहिला, मुठीत धरलेल्या पाखरासारखा.

"त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असेल, आई. आचारी एवढं बडवत होते."

"तेव्हा आचारी थांबले होते," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता पाहिलंस ना."

ज्यांना विचारायचं ते सासरे आता भिंतीवरच्या फोटोत होते, आणि फोटोतही हसतच होते.

"मिळाली," स्वयंपाकघरातून आवाज आला. "केवढी मोठी आहे ही. बाबांचीच ना?"

सासूबाईंनी रिमोट घेतला. बोट बटणावर नीट पडेना, पण त्यांनी दुसऱ्याला दाबू दिलं नाही. टीव्हीचा आवाज गेला.

नवरा दारात आला. चाळणी डोक्यावर, डाव हातात. "अरे, आवाज का बंद केला? बरं, असू दे, आपलं आपण." आणि त्यानं गायला सुरुवात केली. तो बरा गायचा. पडद्यावरच्या नटाइतका नव्हे, पण त्याच्या गाण्यात एक लोचट प्रेमळपणा होता, त्या नटात तो नव्हता. तो गुडघ्यावर बसला. चाळणी नाकावर आली. जाळीतून त्याचे डोळे तिच्याकडे लागले होते, अगदी ठकीसारखे, दूध मागतानाच्या.

तिला हसू येऊ घातलं. तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. एवढं सगळं पाहून, ऐकूनही तिचे गाल आपले नेहमीच्या वाटेनं वर निघाले होते. तिनं ओठ दातांवर घट्ट ओढून धरले.

"हं," ती म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा उजळला.

"बोल."

"झालं," तो म्हणाला आणि चाळणीला हात घालत उठायला लागला. "म्हणाली एकदाची. आई, ऐकलंस ना? चहा टाकू सगळ्यांना?"

त्याला फट ऐकूच आली नव्हती. तिनं मध्ये एवढा श्वास घेतला होता, एवढी जागा सोडली होती, आणि त्याच्या कानानं ती आपोआप सांधून घेतली होती, हिरडीतली भेग मेणानं भरून येते तशी.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

"काय गं?"

"खाली बस. ती बोल म्हणतेय. बोल."

आईचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नसावा. तो परत गुडघ्यावर बसला. बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. तिथे मुकी माणसं नाचत होती.

"काय बोलू?"

"पाळणाघरात का गेला नाहीस?"

"सांगितलं ना, त्या दिवशी जरा गडबड..."

खोलीत ठकीच्या घोरण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. सर्दी झाली की ती म्हाताऱ्यासारखी घोरायची.

"गेलो होतो," तो म्हणाला. "फाटकापर्यंत गेलो होतो. आत मुलं होती. रडत नव्हती काही. मजेत होती."

"मग?"

"मग परत फिरलो."

"का?"

त्यानं डाव जमिनीवर ठेवला. चाळणी काढायचं त्याला सुचलं नाही. "तुला राग येईल."

"येऊ दे."

"तू घरी असतेस ना, तेव्हा मी आलो की हसतेस. दिवसभर कुणी बोलायला नसतं तुला, मी दारातून काहीही बडबडलो तरी हसतेस. कामावर जायचीस तेव्हा तसं नव्हतं. यायचीस, मी बोलत असायचो, आणि तू नुसती माझ्या तोंडाकडे बघायचीस. मापं घेतल्यासारखी." तो थांबला. "मला वाटलं, अजून थोडे दिवस राहावं असंच. एवढंच. बाकी काही नाही."

एवढंच. तिनं मागून मागून मिळवलेलं उत्तर ते एवढंच होतं, आणि ते खरं होतं. खोटं बोलताना तो याहून कितीतरी गमतीदार बोलायचा. विसरला नव्हता तो. भोळसटही नव्हता. दार कुणाचं हे विचारायला तो मुकला नव्हता. दारापर्यंत जाऊन, आत पाहून, मग परत फिरला होता.

टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं. मेण वितळवायचा छोटा दिवा, तिच्या अंगठ्याचा आकार घेतलेली सुरी, खिडकीतून साच्यांवर पडणारं ऊन. उद्यापासून तिथे दुसरी कुणी बसेल आणि सुरी आपल्या अंगठ्याला बसवून घेईल.

नवरा वाट बघत होता. सिनेमात वेटरचं बोलून झालं की नाच शिकवणारी बाई त्याची चाळणी काढते आणि शेवटी सगळं ठाकठीक होतं. पडद्यावर आता त्याचीच तयारी चालली होती, फुलं, पायऱ्या, पांढरे झगे. त्यानं ते पाहिलं नव्हतं, तरी त्याचा चेहरा त्याचीच वाट बघत होता. खरं बोललो ना, आता तरी.

ती जागची हलली नाही.

ठकीला जाग आली. उशीवर पडल्या पडल्याच तिनं मान वळवली आणि बापाच्या डोक्यावरची चाळणी पाहिली. क्षणभर तिनं विचार केला. मग ती हसली, खदखदून, सगळं अंग घुसळून, आणि तिच्या खालच्या हिरडीत दाताचा पांढरा ठिपका पहिल्यांदा दिसला.

तिच्या आईला तो दिसला. एरवी तिनं सगळ्यांना हाका मारून दाखवला असता.

नवऱ्याला तर बुडत्याला हात मिळाल्यासारखं झालं. तो गुडघ्यांवरच सरकत सोफ्यापाशी आला, डाव परत उचलला, मान वाकडी केली. "चुकलो बाई चुकलो," तो ठकीला म्हणाला, "माझी ठकी तरी हसली की नाही? ठकीबाई, म्हणा बघू, हं..."

सासूबाईंनी हात पुढे केला. तो इतका थरथरत होता की चाळणी आधी हातातून निसटली, मग पकडली, मग त्यांनी ती मुलाच्या डोक्यावरून ओढून काढली आणि आपल्या मागे, सोफ्याच्या पाठीशी, खुपसून ठेवली.

"हिला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या.

ठकीनं चाळणी गेलेल्या दिशेला पाहिलं, ओठ काढला आणि रडायला लागली. तिच्या आईनं तिला उचलून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि येरझारा घालत थोपटायला लागली. मागे नवरा तसाच गुडघ्यांवर होता. त्याच्या केसांवर चाळणीचा गोल वळ उमटला होता, आणि त्याच्या तोंडावर हसूही नव्हतं, रडूही नव्हतं. कुणी माप न घेता बनवलेल्या कवळीसारखं ते नुसतं अर्धवट उघडं होतं.

ठकी रडत राहिली. तिला गप्प करायला आईला काही केल्या गाणं आठवेना.